हायवे पेग पुन्हा पुन्हा खाली झुकतो: नट आवळण्याआधी काय तपासावं

मोटारसायकलच्या लेगगार्डवर बसवलेला हायवे पेग (लांबच्या प्रवासात पाय पुढे पसरून टेकवायची जादा दांडी) इंदूरहून निघताना अगदी सरळ असतो. मानपूरचा घाट उतरून खलघाटला चहाला थांबेपर्यंत तो दोन बोटं खाली येतो आणि सेंधव्याच्या आसपास बूट त्याच्यावरून घसरायला लागतो. मग पाना काढायचा, नट आवळायचा. बिजासन घाट उतरून शिरपूर येईपर्यंत पुन्हा तेच. घरी परतल्यावर मिस्त्री क्लॅम्पमध्ये (पेगला गार्डच्या पाइपवर धरणाऱ्या दोन पाकळ्यांच्या पकडीत) सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून देतो, नट आणखी जोरात आवळतो आणि 'आता हलणार नाही' असं सांगतो. पुढच्या फेरीत पेग आधीपेक्षाही लवकर झुकतो.

नट काही बिचारा दरवेळी सैल झालेला नसतो. बहुतेक वेळा दुखणं त्या ट्यूबच्या तुकड्यात, किंवा तो तुकडा ज्या फटीसाठी घातला त्या फटीत असतं. पेग झुकण्याची कारणं चार आहेत. चौघांचं लक्षण एकच दिसतं, उपाय मात्र वेगवेगळे. कुठलं कारण आहे ते न बघता नट आवळत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी रेघा ओढा

पांढरा पेंट मार्कर किंवा घरातलं नेलपॉलिश घ्यावं. पेग सरळ करून, नट नेहमीसारखा आवळून, दोन्ही बाजूंना तीन रेघा ओढाव्यात. पहिली रेघ गार्डच्या पाइपवरून सलग क्लॅम्पवर जाणारी, दुसरी बोल्टच्या डोक्यावरून क्लॅम्पवर उतरणारी आणि तिसरी गार्ड जिथे गाडीच्या चेसिसला किंवा इंजिनाच्या माउंटिंगला धरला आहे, त्या बोल्टवरून पट्टीवर येणारी. मग उज्जैनला जाऊन यावं. जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर होतात, तेवढे पुरतात.

पहिली रेघ तुटली आणि दुसरी जागच्या जागी असेल, तर बोल्ट सैल झालेला नाही, क्लॅम्प पाइपवर फिरला आहे. दुसरी तुटली असेल तर बोल्टच सुटतो आहे. तिसरी तुटली तर पेगला दोष देऊ नये, अख्खा गार्ड हलतो आहे. तिन्ही रेघा शाबूत असूनही पेग झुकलेला दिसला, तर त्याच्या दुमडणाऱ्या सांध्यात ढिलाई आहे.

सर्वात जास्त सापडतो तो पहिला प्रकार, म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

क्लॅम्प पाइपवर फिरतो

गार्डच्या पाइपचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजावा. अंदाज, इंचपट्टी किंवा दुकानदाराचा शब्द यांवर जाऊ नये. बाजारात मिळणारे गार्ड साधारणपणे २२, २५.४, २८ किंवा ३२ मिमी पाइपचे असतात. पावडर कोटिंगचा थर धरून माप थोडं वर येतं, तेच माप खरं धरायचं. वाकणाजवळ मोजू नये, तिथे पाइप चपटा झालेला असतो आणि दोन दिशांना दोन मापं येतात. क्लॅम्पही वाकणावर बसवू नये, नेहमी सरळ भागावर बसवावा.

आता क्लॅम्पचं आतलं भोक मोजावं. स्वस्तातल्या पेगच्या खोक्यावर '२२ ते ३० मिमी, सर्व गाड्यांसाठी' असं छापलेलं असतं. ते वाचून पैसे वाचल्यासारखं वाटतं, पण धातूची गोलाई एकाच मापाची असते. ३० च्या गोलाईची पाकळी २५ च्या पाइपवर ठेवली की ती पाइपला मधल्या एका बारीक रेषेवरच टेकते, बाकी सगळी हवा. ती हवा भरायला सोबत रबराच्या पट्ट्या दिलेल्या असतात.

रबरावर पकड चांगली बसते हे खरं, पण ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि बसतं. आज १० न्यूटन-मीटरने (हे आवळण्याच्या पिळाचं, म्हणजे टॉर्कचं माप) आवळलेला बोल्ट चार दिवसांनी तेवढ्या ताणावर राहत नाही, कारण त्याच्याखालचं रबर पातळ झालेलं असतं. नट मात्र जागचा हललेला नसतो, म्हणून हात लावून पाहिलं तर घट्टच वाटतो. मे महिन्यात निमाडच्या उन्हात, वर इंजिनाची धग, अशा वेळी रबर आणखी मऊ पडतं. इंदूरच्या थंडीत बसवलेला पेग उन्हाळ्यात झुकायला लागतो तो याचमुळे.

याचा ढोबळ हिशेब मांडून पाहता येतो. ६ मिमीचा, ८.८ ग्रेडचा (हा ताकदीचा आकडा) बोल्ट ९ न्यूटन-मीटरने आवळला की त्यात साधारण ७,५०० न्यूटन ताण येतो. असे दोन बोल्ट, २५ मिमीचा पाइप आणि रंगीत धातूवर धातूचं ०.१५ इतकं घर्षण धरलं, तर क्लॅम्प सुमारे ५६ न्यूटन-मीटर मुरड (पाइपभोवती फिरवणारा जोर) सहन करतो. पाइपपासून १५ सेंटिमीटरवर टेकलेल्या पायाचा भार ८ किलो धरा. ती मुरड सुमारे १२ न्यूटन-मीटर भरते. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात तीच क्षणभर तिप्पट, म्हणजे ३५ च्या घरात जाते. क्लॅम्प चांगला असेल तर ५६ च्या पुढे ३५ काहीच नाही. बोल्टचा ताण अर्धा झाला की मात्र पकड २८ वर येते. मग प्रत्येक मोठ्या दणक्याला पेग केसभर फिरतो. एकदम कोसळत नाही, केसकेस करत दोन बोटं खाली येतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. ६० किलोचा माणूस त्या पेगवर उभा राहिला तर मुरड ८८ न्यूटन-मीटर होते. एवढी कुठलाच साधा क्लॅम्प धरत नाही. हायवे पेग पाय टेकवायला आहे, उभं राहायला नाही. गाडी सराफ्याजवळ किंवा राजवाड्याच्या गर्दीत लावली की लहान मुलं त्याला पायरी समजून चढतात, नाहीतर पार्किंगवाला त्यालाच धरून गाडी सरकवतो. रस्त्यावर न झुकणारा पेग शहरात झुकलेला सापडला तर कारण बहुधा हेच. गाडी लावताना पेग दुमडून ठेवावा.

उपाय असा. पाइपच्या मापाचाच क्लॅम्प मिळाला तर उत्तम, पुढचं काही करावं लागत नाही. नाही मिळाला तर फट रबराने नाही, ॲल्युमिनियमने भरायची. क्लॅम्पचं भोक वजा पाइपचा व्यास, भागिले दोन, एवढी पत्र्याची जाडी हवी. समजा क्लॅम्प २८ चा आणि पाइप २५.४ चा आहे. फरक २.६, म्हणजे प्रत्येक बाजूला १.३ मिमी. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात १८ गेजचा ॲल्युमिनियम पत्रा मागावा, तो १.२२ मिमी भरतो. तेवढा किंचित पातळच बरा. क्लॅम्पच्या रुंदीएवढ्या दोन पट्ट्या कापायच्या, लांबी प्रत्येकी ४० मिमी. मधल्या गोलाईचा परीघ सुमारे ८४ मिमी येतो, त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये दोन्हीकडे २ मिमी जागा उरते. ही मोकळी जागा क्लॅम्पच्या दोन पाकळ्यांच्या सांध्यासमोरच यायला हवी. पट्टी सांध्यावरून आडवी गेली तर ती पाकळ्यांना जवळच येऊ देत नाही.

फरक ४ मिमीच्या वर असेल तर पत्र्याच्या थरांवर थर चढवू नयेत, ते एकमेकांवर घसरतात. अशा वेळी सांवेर रोडकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून (इकडे त्याला सगळे खरादवालाच म्हणतात) ॲल्युमिनियमचा बुश कातून घ्यावा. आतला व्यास पाइपएवढा, बाहेरचा क्लॅम्पच्या भोकाएवढा, लांबी क्लॅम्पच्या रुंदीएवढी, आणि हॅकसॉने उभा चिरून दोन भाग केलेला. खरादवाला नायलॉनचा बुश सुचवेल, कारण कातायला सोपा. घेऊ नये. नायलॉनही दाबाखाली बसतं, रबरापेक्षा हळू इतकंच.

बसवताना पाइपचा तेवढाच भाग १२० नंबरच्या एमरी पेपरने गोल फिरवत खरखरीत करावा. स्टेनलेसचा आरशासारखा गार्ड असेल तर ८० नंबर लागतो. रंग पूर्ण उतरवू नये, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात क्लॅम्पखाली गंज धरतो. कोटिंगचा पापुद्रा आधीच सुटायला लागला असेल तर मात्र तो खरवडून काढावा, कारण सुटलेल्या पापुद्र्यावर बसलेला क्लॅम्प पापुद्र्यासकट फिरतो. मग कापडावर थिनर घेऊन पुसावं. इथे एक चोर नेहमी निसटतो: सर्व्हिसिंगनंतर गाडी चकाकवायला मारलेला सिलिकॉनचा स्प्रे. गार्डवर तो बसला की क्लॅम्पखालीही झिरपतो. गाडी धुवायला देताना 'गार्डला पॉलिश नको' असं सांगून ठेवावं.

आवळून झाल्यावर सगळ्यात महत्त्वाची तपासणी करायची. क्लॅम्पच्या दोन पाकळ्यांमध्ये दोन्ही बाजूंना सारखीच, निदान दीड-दोन मिमी फट दिसायला हवी. पाकळ्या एकमेकींना टेकल्या असतील, तर त्यानंतर लावलेला सगळा जोर त्या एकमेकींवर घालवताहेत, पाइपला काहीच मिळत नाही. पाना कितीही ओढला तरी पेग फिरणारच. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला टेकलेलं, असं असेल तर दोन्ही बोल्ट सैल करून आलटूनपालटून, अर्धा-अर्धा फेरा देत पुन्हा आवळावेत.

काही क्लॅम्पमध्ये ग्रब स्क्रूची (बिनडोक्याच्या, टोकाने पाइपला दाबणाऱ्या स्क्रूची) सोय असते. तो पाइपमध्ये किंचित रुतेल एवढाच आवळावा. त्याच्यासाठी पाइपला आरपार भोक पाडायचा मोह होतो, पण गार्डच्या पाइपची जाडी जेमतेम दीड-दोन मिमी असते. भोकाच्या जागी तो कमजोर होतो आणि आत पाणी साचून आतूनच कुजतो. पेग गार्डला वेल्ड करून टाकण्याचा सल्लाही हमखास मिळतो. तो मानू नये. गाडी पडली की क्लॅम्पवरचा पेग फिरतो किंवा तुटतो आणि दणका तिथेच संपतो. वेल्ड केलेला पेग तोच दणका तरफेसारखा गार्डच्या माउंटिंगपर्यंत नेतो.

बोल्टच सुटतो

दुसरी रेघ तुटलेली दिसली तर हा प्रकार. जोडलेले दोन भाग आडवे, बोल्टच्या अक्षाला काटकोनात, इकडेतिकडे सरकत राहिले की बोल्ट आपोआप उलटा फिरू लागतो. हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोग करून दाखवलं. अशा हालचालीपुढे आपल्याकडे सर्रास घातला जाणारा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. एकदा पूर्ण दबला की तो साध्या चकतीसारखाच वागतो. म्हणून क्लॅम्पचं माप आधी दुरुस्त करायचं, बोल्ट मागाहून. पाकळी पाइपवर सरकणं थांबलं की बोल्ट सुटायचं निम्मं कारण तिथेच जातं.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा हवा. पेगसोबत आलेल्या बोल्टवर काहीच लिहिलेलं नसेल तर ते फेकून नवे घ्यावेत. ६ मिमीचा असेल तर ९ ते १० न्यूटन-मीटर, ८ मिमीचा असेल तर २२ ते २५. स्टेनलेसचा, 'ए२-७०' लिहिलेला बोल्ट याहून कमी सोसतो, ६ मिमीला ७ आणि ८ मिमीला १६-१७ पुरे. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला नट) भराभर फिरवला तर आटे एकमेकांना चावून जागच्या जागी अडकतात, मग करवतीशिवाय सुटका नाही. हळू फिरवावा. टॉर्क पाना नसेल तर लांब दांड्याचा पाना तरी वापरू नये. ६ मिमीचा बोल्ट त्याने कधी ताणला गेला ते हाताला कळतही नाही.

आरपार बोल्ट असेल तर नायलॉक नट, आणि नटच्या पुढे निदान दोन आटे बाहेर दिसायला हवेत. एकदा काढलेला नायलॉक परत लावू नये, दोन-चार रुपयांच्या नटासाठी घासाघीस कशाला. क्लॅम्पमध्येच आटे पाडलेले असतील तर निळा, मध्यम ताकदीचा लॉकटाइट २४३ (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावावा. लाल लावला तर पुढच्या वेळी बोल्ट काढायला हीट गन लागेल. लॉकटाइट प्लॅस्टिकच्या भागांवर सांडू देऊ नये, काही प्लॅस्टिकला त्याने तडे जातात.

यात क्रम चुकतो म्हणून सगळं फसतं. लॉकटाइट लावून, आवळून, पन्नास किलोमीटरनंतर 'जरा अजून घट्ट करू' म्हणून पाना लावला की आतला वाळलेला थर तुटतो आणि बोल्ट पुन्हा नागडा. म्हणून पहिल्यांदा कोरडेच बोल्ट बसवावेत. ५० ते १०० किलोमीटर चालवावं, सगळे भाग एकमेकांवर बसू द्यावेत, मग पुन्हा ठरलेल्या टॉर्कवर आवळून पाहावं. त्यानंतर एकेक बोल्ट काढायचा, आटे पेट्रोलने धुऊन वाळवायचे, दोन-तीन थेंब टाकायचे आणि लगेच टॉर्क द्यायचा. एक बोल्ट पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. गाडी २४ तास उभी ठेवावी आणि त्यानंतर त्या बोल्टना पाना लावू नये. रेघ तुटली का एवढंच बघावं.

जुन्या, २०२१ च्या आधीच्या रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० च्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) नव्हता. मिटिऑर ३५० पासून आलेल्या नव्या इंजिनात तो आहे. जुन्या गाडीवर पेग लावलेला असेल तर रेघा दर ५०० किलोमीटरला बघाव्यात, नव्यावर दर लांबच्या फेरीआधी पुरतं.

गार्ड हलतो, किंवा सांधा

तिसरी रेघ तुटली असेल तर पेगला हात न लावता गार्डचे बोल्ट बघावेत. काही गार्ड चेसिसच्या पाइपवर यू-क्लॅम्पने धरलेले असतात, काही इंजिनाच्या पुढच्या माउंटिंग बोल्टवर. दुसऱ्या प्रकारात तो बोल्ट इंजिनही धरतो, तेव्हा तो अंदाजाने आवळू नये. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्कच द्यावा. वेल्डच्या कडेला रंगाला केसासारखी चीर दिसली तर ती रंगाची चीर समजून सोडू नये, आतल्या धातूची असू शकते. तिथे गंजाची तांबूस रेष उमटली असेल तर गार्ड बदलावा. शोभेचे बारीक गार्ड आणि प्लॅस्टिकचे स्लाइडर यांच्यावर पेग लावूच नये.

सांध्याचं दुखणं साधं असतं. दुमडणाऱ्या पेगचा पिन झिजतो आणि पेग टोकाशी खालीवर हलतो. पिन बदलला की झालं. नट जास्त आवळून ती ढिलाई झाकली तर पेग दुमडत नाही, आणि दुमडणं हीच त्याची सुरक्षितता. पेग वर आणि मागे दुमडला पाहिजे. डावा-उजवा अदलाबदल झालेले पेग पुढे किंवा खाली दुमडतात. पाय अडकला तर असा पेग पाय सोडत नाही.

बसवायची जागा

जागा चुकली की पेग न झुकताही त्रास देतो. एकाने गाडी सरळ धरावी, दुसऱ्याने रायडिंगचेच बूट घालून बसावं. गुडघा थोडा वाकलेला राहील अशा ठिकाणी, टाचेच्या जरा पुढे, पेग यावा. पाय पूर्ण ताठ झाला तर तासाभरात मांडीमागची शीर ओढायला लागते. पेगचं बाहेरचं टोक ५ ते १० अंश वर ठेवावं. पेग गार्डच्या जितका जवळ तितकं बरं, वरच्या हिशेबातले १५ सेंटिमीटर १० वर आले तर मुरड एक तृतीयांशाने कमी होते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि पुढचा फोर्क दाबून बूट चाकाला लागत नाही ना ते बघावं. उजवीकडे सायलेन्सरच्या वाकलेल्या पाइपपासून पँट दूर राहायला हवी, पावसाळ्यातली नायलॉनची पँट तर लागताक्षणी वितळते.

ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पेगवरून पाय उचलून ब्रेकवर यायला अर्धा सेकंद जादा लागला तरी ११ मीटर गेले. म्हणून राऊ-देवास बायपासच्या ट्रॅक्टर आणि गाईंच्या गर्दीत, मानपूर घाटात किंवा ओंकारेश्वरकडे जाताना सिमरोलच्या वळणांवर पाय मूळ फुटरेस्टवरच हवेत. वळणात कललेल्या गाडीचा खाली बसवलेला पेग रस्त्याला आधी लागतो, तोही धोका आहेच. अव्हेंजरसारख्या गाडीत पाय मुळातच पुढे असतात, तिथे जादा पेगने फारसं काही मिळत नाही. त्या गाडीवर कंबर दुखत असेल तर आधी सीट बघावी.

पावसाळा संपला की क्लॅम्प एकदा उघडावा. लोखंडी पाइप आणि ॲल्युमिनियमची पट्टी यांच्यात पाणी राहिलं की पांढरी भुकटी धरते. ती ब्रशने काढून, पुसून, नव्या नायलॉकने पुन्हा बसवावं.

लांब जाताना पेगच्या मापाची एल-की, १० आणि १३ चा पाना, दोन जादा नायलॉक आणि पेंट मार्कर एवढं सीटखाली ठेवावं. वाटेत पेग झुकलेला दिसला तर एकदा, फक्त एकदा आवळून पाहावा. पुढच्या थांब्यालाही झुकलेला असेल तर तो काढून बॅगेत टाकावा. झिप-टाय, तार किंवा दोरीने बांधलेला पेग खड्ड्यात सुटून पायाखालून पुढच्या चाकाकडे जाऊ शकतो. दोन्ही पेग एकदमच काढावेत. एकाच बाजूला पाय टेकवून बसलं तर कंबर वाकडी होते आणि धुळ्यापर्यंत ती दुखायला लागते.